नीटनेटकी

"हलू नकोस गं, नाकाच्या कडेला राहिलंय," असं म्हणत दाल्विनानं करंगळीच्या टोकानं क्रीम सारखी केली.

"दिंदा, पुरे आता. त्या सूचनेत स्पष्ट लिहिलंय, चेहऱ्याला काही लावून येऊ नये."

"मग मी काय कार्निव्हलला नटवतेय का तुला? सनक्रीम आहे ही. डॉक्टरच सांगतात लावा म्हणून."

"हिच्यात रंग आहे."

"इतकुसा. असून नसल्यासारखा. पाच-पाच मोठ्या माणसांपुढे उभं राहायचं तर काय चकाकतं तोंड घेऊन जायचंस? नीट जावं माणसानं. गरीब आहोत, गबाळे नाही."

विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या बाथरूममधल्या आरशापुढे हे चाललं होतं. दाल्विना अठ्ठावन्न वर्षांची आणि मायारा नुकती अठरा पुरी झालेली. दोघी सकाळची पहिली बस धरून पेद्रा मान्सा या आपल्या गावाहून आल्या होत्या. दाल्विना मायाराची आई नव्हे. चर्चमध्ये डोक्यावर पाणी घालताना जिनं पोर हातावर धरली ती धर्ममाय, आणि धर्ममायला मिनास प्रांताकडची पोरं दिंदा म्हणतात. सख्खी आई एदिलेनी परक्या घरी स्वयंपाकाला होती आणि त्या घरी नेमके त्याच दिवशी पाहुणे जेवायला होते. "तूच जा तिच्याबरोबर, तुला चार लोकांत वावरायची सवय आहे," असं एदिलेनी म्हणाली होती. दाल्विनालाही ते पटलं होतं. तीस वर्षं पार्लर चालवणाऱ्या बाईला लोकांपुढे कसं दिसावं हे नाही कळणार, तर कुणाला कळणार?

आणि त्या दिवशीचं सगळं काम दिसण्याचंच होतं.

ब्राझीलमध्ये सरकारी विद्यापीठात डॉक्टरकी शिकायला फी पडत नाही. पण आत शिरणं महाकर्मकठीण. अर्ध्या जागा सरकारी शाळेतल्या मुलांना, त्यातल्या काही गरीब घरच्यांना, आणि त्यातल्याही काही काळ्या, सावळ्या आणि मूलनिवासी मुलांना. मायारानं अर्जात गरिबीचाही रकाना भरला होता आणि सावळ्या रंगाचाही. तिचे गुण त्याच एका यादीत बसत होते, दुसऱ्या कुठल्या यादीत नाही. गरिबी आदल्या आठवड्यात पास झाली होती. आईची नोकरीची वही, विजेचं बिल, बँकेचा उतारा, बाप कुठे असतो ते ठाऊक नाही असं प्रतिज्ञापत्र, असे मोजून सतरा कागद. रंगाला मात्र एकही कागद चालत नाही. आजोबा काळे होते म्हणून फोटो काढून दाखवाल, तर तो कुणी हातातसुद्धा घेत नाही. पाच माणसं समोर बसतात. तुमची कातडी, नाक, ओठ, केस बघतात, आणि रस्त्यानं जाताना लोक या मुलीला काय समजत असतील ते ठरवतात.

मायारा दूध जरा जास्तच पडलेल्या कॉफीच्या रंगाची. तिचं सावळेपण होतं ते केसांत आणि नाकात. केस शनिवारीच दाल्विनानं औषध लावून सरळ केले होते, आणि नाक आता क्रीमखाली बारीक झालं होतं.

बाहेर लांबच लांब व्हरांड्यात मुलं आणि त्यांची माणसं बाकांवर बसली होती. समोरच्या बाकावर एक मुलगी आणि डोक्यावर गॉगल चढवलेली तिची आई. मुलीचे केस कुरळे, कातडी तांबूस तपकिरी. दाल्विनानं एकदाच बघितलं आणि मायाराला कोपर मारलं.

"बघ, बघ. चार दिवसांचे कुरळे."

"कसं काय कळतं तुला?"

"अगं, मुळाशी बघ ना. सरळसोट आहेत. रोलर लावलेत घरी, तेही धड नाही लावले. आणि मानेवर पट्टा दिसतोय का पांढरा? पोहण्याच्या कपड्याचा. आठवडाभर उन्हात पालथी घातलीय पोरीला." दाल्विना हसू दाबत म्हणाली, "कशी गं लाज वाटत नाही लोकांना? आईच असं करते म्हणजे कमाल झाली."

मायाराही हसली. तेवढ्यात त्या मुलीला हाक आली, "लोरेना," आणि ती उठून आत गेली. तिची आई बाकावर नखं खात बसली. मग थोड्या वेळानं मायाराचं नाव पुकारलं.

सात मिनिटं लागली. दाल्विनानं घड्याळ बघितलं होतं.

"काय विचारलं?"

"काही नाही. नाव सांग म्हणाले. मग तो कागद वाचायला लावला, मी सावळी आहे असं मी जाहीर करते, तो. समोर कॅमेरा होता. चांगली होती माणसं, दोन बाया तर चांगल्या काळ्याच होत्या. एकीनं विचारलं, केस कसे ठेवतेस. मी म्हटलं, असेच, लहानपणापासून."

"मग?"

"मग विचारलं, चेहऱ्याला काही लावलंयस का."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं." मायारानं तिच्याकडे बघितलं. "सनक्रीमच आहे ना?"

"हो तर. सनक्रीमच आहे," दाल्विना म्हणाली. बस स्टँडवर दोघींनी मक्याचा केक खाल्ला. परतीच्या बसमध्ये मायारा खिडकीला डोकं टेकून झोपली आणि दाल्विना वाटभर तिचे केस काचेला घासू नयेत म्हणून मध्ये हात धरून बसली होती.

आता दाल्विनाला अगदीच अडाणी समजू नका. चौथीपर्यंतच शिकली हे खरं, पण आयुष्याचा तिचा एक धडा पाठ होता आणि तो तिनं फुकट मिळवलेला नव्हता. सोळाव्या वर्षी ती बेलो होरिझोंती शहरात नोकरी शोधायला गेली. वर्तमानपत्रात जाहिराती असायच्या: दुकानासाठी मुलगी हवी, दिसायला नीटनेटकी. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, फक्त सोळा वर्षांच्या दाल्विनाला नव्हता. ती धुतलेला फ्रॉक घालून, बुटांना पॉलिश करून जायची आणि जागा भरली असं ऐकून परत यायची. अकरा दुकानं झाली. मग खोलीत बरोबर राहणाऱ्या मुलीनं गॅसवर लोखंडी कंगवा तापवला आणि तिचे केस दाबून सरळ केले. दुसऱ्या दिवशी बाराव्या दुकानात काम मिळालं. फ्रॉक तोच, बूट तेच. दुकान केस कापायचं होतं, काम झाडू मारायचं. तिथंच ती धंदा शिकली, आणि परत गावी येऊन घराच्या पुढच्या खोलीत तिनं आरसा लावला तेव्हा गावातल्या प्रत्येक आईला ती तोच धडा सांगायची. "केस सरळ असले की दार उघडतं, बाई. मग आत जाऊन हुशारी दाखवा."

मायारा सात वर्षांची असताना शाळेतून रडत आली होती. मुलं तिला घासणी म्हणत होती, भांडी घासायची तारेची घासणी. तेव्हापासून दाल्विनानं तिला हाती घेतलं. दर महिन्याला औषध, दर रविवारी इस्त्री. रविवारी दुपारी पार्लर बंद असायचं, पंखा लावलेला असायचा, मायारा खुर्चीत बसून मोठ्यानं धडे वाचायची आणि दाल्विना मागे उभी राहून एकेक बट ओढायची. हृदयाला चार कप्पे असतात हे दाल्विनाला असंच कळलं. ते रविवार दोघींचे होते. एदिलेनीसुद्धा त्यात येत नसे.

निकाल गुरुवारी संध्याकाळी लागायचा होता. पार्लरमध्ये गिऱ्हाईकं बसली होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या जेसीबाईंच्या डोक्याला रंग लावून झाला होता, आणि शाळेत मुलांचं जेवण रांधणारी निवाल्दा नखं करून घ्यायला आली होती. मायारा स्टुलावर बसून फोन खालीवर करत होती. एकदम तिचा अंगठा थांबला.

"अपात्र," ती म्हणाली.

"काय?"

"मी अपात्र. सावळी नाही म्हणतात मी."

जेसीबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते. गुण बघावेत आणि घ्यावं पोरीला, रंग कसला बघतात? बाजारात गाय आणलीय का? गरीब आहे हे दिसतंय ना, झालं तर मग."

"जेसीबाई, तुमचा मुलगा दुकानात शिरला तर रखवालदार मागे मागे फिरतो का?" निवाल्दानं विचारलं. निवाल्दा काळी कुळकुळीत आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

"नाही फिरत."

"माझ्या फिरतो. तो काही पाच जणांची समिती बसवून ठरवत नाही. रंग बघतातच. आतापर्यंत हाकलून द्यायला बघायचे, आता आत घ्यायला बघतायत, एवढंच."

"मग घेतलं कुठं? पोर बाहेरच राहिली."

"तेच मला कळत नाही," निवाल्दा म्हणाली आणि तिनं ओली नखं वर धरून दाल्विनाकडे मान वळवली. "हिला न घ्यायला काय झालं? दाल्विना, मंगळवारी सकाळी बस स्टँडवर मी हिला बघितलं, तेव्हा हिचे केस बघून मला वाटलं कुणा दुसऱ्याचीच पोर आहे. तिथं गेल्यावर तोंडाला पण काही लावलंस का हिच्या?"

"छे. काही नाही," दाल्विना म्हणाली.

इतकं सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. मायारानं मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. पोरगी बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती नुसती बघून परत फोनमध्ये बघायला लागली.

यादी लांबलचक होती. दाल्विना तिच्या मागे उभी राहून बघत होती, आणि तिथंच तिला लोरेना हे नाव दिसलं. तीही अपात्र. म्हणजे बघणारी माणसं आंधळी नव्हती. घरी रोलर लावून केलेले कुरळे त्यांनी ओळखले होते. मग त्याच डोळ्यांनी त्यांनी मायाराकडे बघितलं आणि दाल्विनानं जे दाखवलं तेच त्यांना दिसलं. व्हरांड्यात नखं खात बसलेली ती गॉगलवाली बाई आणि आपण, दोघींनी एकच उद्योग केला, आणि वर आपण तिला हसलो. दाल्विनाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. जेसीबाईंच्या डोक्यावरचा रंग धुवायची वेळ टळून गेली तरी तिच्या लक्षात आलं नाही, आणि बाई घरी गेल्या त्या जांभळट होऊनच.

शुक्रवारी सकाळी शाळेतले आन्सेल्मो सर आले. जीवशास्त्र शिकवायचे. चार वर्षं शाळा सुटल्यावर मायाराला जादा बसवून फुकट शिकवलं होतं त्यांनी.

"सोमवारपर्यंत अपील करता येतं," ते उभ्यानंच म्हणाले. "दुसरी समिती असते. पण तुला पुन्हा बोलावणार नाहीत, नवे फोटोही घेत नाहीत. त्याच दिवशीचा व्हिडिओ बघणार. आपलं म्हणणं लेखी द्यायचं, बस."

"काय म्हणणं द्यायचं, सर?"

"खरं काय ते. केस मुळात कसे आहेत, त्या दिवशी तसे का दिसले. चेहऱ्याचंही. आणि ज्यानं कुणी केलं असेल त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं तर वजन पडेल."

एवढं बोलताना त्यांनी दाल्विनाकडे एकदाही बघितलं नाही. फार सभ्य माणूस. तिला ते फार लागलं.

दुपारी तिनं पार्लरचं शटर अर्धं ओढलं. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही."

मायारा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, फोन हातात. दाल्विना सवयीनं तिच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि मग तिथून निघून समोरच्या स्टुलावर बसली.

"लिही. मी, दाल्विना आपारेसिदा दोस रेइस, धंदा केस करण्याचा, लिहून देते की शनिवारी मी मायाराच्या केसांना औषध लावून ते सरळ केले. मंगळवारी तिच्या चेहऱ्याला रंगाची क्रीम लावली. ती नको म्हणत होती. मी तिला ती सनक्रीम आहे असं सांगितलं."

"सनक्रीमच होती."

"दोन छटा उजळ होती. दुकानात मी तशी मागून घेतली."

अंगठे थांबले. मग पुन्हा चालू झाले. "पुढे?"

"पुढे काय?"

"सर म्हणाले, केस कधीपासून सरळ करताय ते लिहा."

"सातव्या वर्षापासून."

"शाळेत चिडवायचे म्हणून. तसंच लिहू? घासणी म्हणायचे, मी रडत आले, म्हणून तू केलेस."

सुटायला दार उघडं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. अकरा वर्षं गावात सगळ्यांना तिनं हीच गोष्ट सांगितली होती, आणि सांगून सांगून तिला स्वतःलाही ती खरी वाटायला लागली होती. पण काल सगळ्यांसमोर जे 'काही नाही' तोंडातून गेलं होतं, ते अजून कानात होतं.

"तसं नाही झालं," दाल्विना म्हणाली.

"म्हणजे?"

"घासणी हा शब्द शाळेतला नाही. तो आधी माझ्या तोंडून निघाला. तू इथंच जमिनीवर खेळत होतीस. गिऱ्हाईकं बसली होती. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, काय हो, देवानं पोर दिलीय की घासणी, घ्या, कढया आणा. सगळ्या हसल्या. जेसीबाईंची नात तिथं होती. तुझ्या वर्गातली."

पंखा फिरत होता. रस्त्यावरून गॅस विकणारी गाडी गाणं वाजवत गेली. मायारा तिच्याकडे बघत नव्हती.

"हे लिहायचं?"

"लिही."

तिनं लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

"आणि नाक," दाल्विना म्हणाली.

"नाकाचं काय?"

"तू जन्मलीस तेव्हा तुझी आई दीड महिना तापानं अंथरुणाला होती. मीच तुला आंघोळ घालायचे. घातली की चिमटीत धरून नाक ओढायचे. चाळीस दिवस, रोज. बारीक व्हावं म्हणून. तू किंचाळायचीस."

"आई सांगते, दिंदा तुझं नाक धरून लाड करायची म्हणून."

"लाडच करत होते."

"मग लिहू काय मी?" मायाराचा आवाज पहिल्यांदा फुटला. "नाक धरत होतीस की लाड करत होतीस?"

"लाडाचं तिथं कोण वाचणार, पोरी. नाकाचं लिही."

मायारानं नाकाचं लिहिलं. मनगटानं डोळे पुसले आणि तसंच फोनवर पाणी पडलं ते फ्रॉकला पुसलं. "मला वाटायचं," ती म्हणाली, "रविवारी तू मला सुंदर करतेस. मी सोमवारी शाळेत जायचे ना, तर मला वाटायचं, माझी दिंदा आहे म्हणून मी सुंदर आहे. तुला मी आधी सुंदर वाटतच नव्हते, हे मला माहीतच नव्हतं."

दाल्विनाला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाही गं, असं काही नाही, हे शब्द तोंडाशी आले होते, पण ते खोटे होते आणि आज खोटं बोलून भागणार नव्हतं.

"का केलं, ते लिहायला लागेल," मायारा म्हणाली. आवाज कोरडा झाला होता, ऑफिसातल्या माणसासारखा.

"लाज वाटायची म्हणून."

"माझी?"

दाल्विनानं आपले हात बघितले. औषधानं बोटांची टोकं पांढरी पडलेली होती, तीस वर्षांत कधी बरी झाली नव्हती.

"आधी माझ्या आईची वाटायची," ती म्हणाली. "ती काळी होती. मी शहरात तिला दुकानावर येऊ द्यायचे नाही. मग माझी वाटायला लागली. मग तुझी. तू काही केलं नव्हतंस. तू आपली हातात आलीस." आणि मग म्हणाली, "एवढं नको लिहू. लाज वाटायची म्हणून, एवढंच लिही."

कागद छापून आणला आणि दोघी नोटरीकडे गेल्या. तिथं नुसती सही खरी आहे का ते बघून शिक्का मारतात, आत काय लिहिलंय त्याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पण शिक्का मारणाऱ्या माणसाची बायको दाल्विनाचं गिऱ्हाईक होती, आणि त्यानं कागद वाचला. सगळा वाचला. मग चष्म्यावरून म्हणाला, "बाई, हे बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"सगळं?"

"सगळं," दाल्विना म्हणाली. त्यानं शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत गावभर झालं.

त्या रविवारी दुपारी दाल्विनानं पंखा लावून ठेवला होता. मायारा आली नाही. पुढच्याही रविवारी नाही. वाटेत भेटली की हसायची, कशी आहेस दिंदा विचारायची. निवाल्दा मधे एकदा येऊन बसली. दाल्विनाला वाटलं, आता ही चांगली खरडपट्टी काढणार. निवाल्दानं नखं करून घेतली, कॉफी प्यायली आणि जाताना म्हणाली, "माझ्या मुलीचे केसपण तूच करायचीस की, आठवतं? मीच आणून बसवायचे." आणि गेली.

अकराव्या दिवशी अपिलाचा निकाल आला. पात्र. तीन विरुद्ध दोन. कारणात लिहिलं होतं की संबंधित महिलेचं निवेदन आणि व्हिडिओ एकत्र बघता, आणि वगैरे वगैरे. एदिलेनी परक्याच्या स्वयंपाकघरातून अंगावरच्या अ‍ॅप्रनसकट धावत आली आणि दाल्विनाच्या गळ्यात पडून रडली. "तुझ्यामुळं झालं गं, तू सगळं अंगावर घेतलंस." जेसीबाईंनी केक पाठवला. चर्चमध्ये पाद्री म्हणाले, धर्ममाय असावी तर अशी. दाल्विनाला वाटे, कुणीतरी उठून आपल्याला जरा हसावं, निदान टोमणा मारावा. पण कौतुक थांबेना. तिनं दोन रविवार चर्च चुकवलं.

मायारा जायच्या दिवशी निरोप घ्यायला आली. डोक्याला पिवळं फडकं घट्ट बांधलं होतं. कपाळाशी फडक्याखालून बोटभर नवे केस आले होते, गुंडाळलेले, दाट. दाल्विनाला काय काय बोलायचं होतं. तीन आठवडे तिनं मनाशी जुळवून ठेवलं होतं.

"डबा घेतलास का?" तिनं विचारलं.

"घेतला. आईनं दिलाय."

"पोचलीस की फोन कर."

"करते, दिंदा." मायारानं गाल पुढे केला, दाल्विनानं तो चुंबला, आणि मायारा बॅग उचलून पायऱ्या उतरली. फोन पोचल्यावर आला. एदिलेनीच्या फोनवर आला.

त्यानंतरच्या शनिवारी सुएलेन नावाची एक बाई, बेकरीच्या मागे राहणारी, आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव जामिली. सोमवारी शाळेत फोटो होता. सुएलेननं पोरीला उचलून खुर्चीत आडव्या फळीवर बसवलं, कारण खुर्ची मोठ्या माणसांची, आणि लहानांसाठी दाल्विना खुर्चीच्या हातांवर फळी टाकत असे.

"करा हिचे चांगले सरळ," सुएलेन म्हणाली. "तुमच्या हाताला यश आहे बाई. तुमची मायारा याच खुर्चीत बसून डॉक्टर झाली ना? बघ गं जामिली, इथंच बसायची ती. तिच्यासारखेच करा."

दाल्विना मागे उभी राहिली. पोरीचे केस उंच, मऊ, जिकडे हात न्यावा तिकडे बोटांभोवती येणारे. पोरगी आरशातून तिच्याकडे बघत होती.

"दुखतं का?" जामिलीनं विचारलं.

या प्रश्नाला दाल्विनाचं एकच उत्तर होतं. हजारभर पोरींना तिनं ते दिलं असेल, मग औषधानं टाळू जळताना त्यांचं डोकं घट्ट धरून ठेवलं असेल.

"हो बाळा," ती म्हणाली. "खूप दुखतं."

"अगंबाई, पोरीला घाबरवता काय?" सुएलेन हसली. मग दाल्विना हसत नाही हे बघून तिचंही हसू गेलं. "करायचे नाहीत का तुम्हाला?"

"नाही करत मी लहान मुलींचे. बंद केलं."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"वा, बरं आहे," सुएलेन म्हणाली. आता ती चिडली होती. "स्वतःची पोर डॉक्टर करून घेतली, आता बाकीच्यांच्या पोरी गेल्या खड्ड्यात. चल गं, खाली उतर."

तिनं जामिलीला फळीवरून उतरवलं आणि हाताला धरून ओढतच बाहेर नेलं. चौक ओलांडला की चर्चच्या बाजूला दुसरं पार्लर होतं. तिथली पोरगी दाल्विनाकडेच धंदा शिकलेली, हात चांगला होता तिचा. दाल्विना शटरपर्यंत गेली. सुएलेन ताडताड चालत होती, आणि जामिली मागे मागे, मोकळा हात आपल्या डोक्यावर ठेवून. हाक मारावी, थांबवावं, सांगावं असं दाल्विनाला फार वाटलं. पण कुठल्या तोंडानं मारणार होती?